परदेशी घटस्फोटाचा हुकूमनामा

परदेशी घटस्फोटाचा हुकूमनामा म्हणजे एका देशाच्या न्यायालयाने दिलेला आणि दुसऱ्या देशात वैवाहिक स्थितीचा पुरावा म्हणून सादर केला जाणारा विवाहविच्छेदाचा आदेश होय. पुनर्विवाहाची नोटीस देताना, जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करताना, तसेच पारपत्र, वारसाहक्क आणि पोटगी यांच्या प्रकरणांत हा दस्तऐवज मागितला जातो. या संदर्भात दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे असतात. पहिला प्रश्न दस्तऐवजाच्या अस्सलपणाचा, म्हणजे तो खरोखर त्या न्यायालयाचा आहे का, हा असतो. दुसरा प्रश्न मान्यतेचा, म्हणजे त्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट दुसऱ्या देशाच्या कायद्याला मान्य आहे का, हा असतो. प्रमाणित प्रत आणि अपोस्टिल यांमुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही.

मान्यता न मिळाल्यास एकच व्यक्ती एका देशात घटस्फोटित आणि दुसऱ्या देशात विवाहित ठरू शकते. अशा व्यक्तीचा पुढील विवाह शून्य ठरण्याचा, तिच्यावर द्विविवाहाचा खटला चालण्याचा आणि नव्या जोडीदाराचा व्हिसा नाकारला जाण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

घटस्फोटाच्या परस्पर मान्यतेसाठी हेग येथे १९७० साली आंतरराष्ट्रीय करार करण्यात आला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल हे देश या कराराचे पक्षकार आहेत. भारत आणि अमेरिका नाहीत. त्यामुळे भारतात परदेशी घटस्फोटाची मान्यता देशांतर्गत कायद्यानुसार ठरते. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील परदेशी न्यायनिर्णयांविषयीच्या सर्वसाधारण तरतुदी आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे यांवर हा विषय आधारलेला आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेतील तरतुदी

संहितेच्या कलम १३ नुसार परदेशी न्यायनिर्णय त्यात थेट निवाडा झालेल्या मुद्द्यांपुरता पक्षकारांमध्ये निर्णायक मानला जातो. मात्र पुढील सहा परिस्थितींत तो निर्णायक ठरत नाही:

१. सक्षम अधिकारिता नसलेल्या न्यायालयाने तो दिला असल्यास;
२. प्रकरणाच्या गुणावगुणांवर तो दिला गेला नसल्यास;
३. तो आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चुकीच्या आकलनावर आधारलेला असल्याचे, किंवा जेथे भारतीय कायदा लागू होतो तेथे तो मानण्यास नकार दिला असल्याचे, कामकाजावरून सकृद्दर्शनी दिसत असल्यास;
४. ज्या कार्यवाहीत तो दिला गेला ती नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असल्यास;
५. तो कपटाने मिळवलेला असल्यास;
६. भारतात अमलात असलेल्या कायद्याच्या भंगावर आधारलेला दावा त्यात मान्य केला असल्यास.

कलम १४ नुसार परदेशी न्यायनिर्णयाची प्रमाणित प्रत म्हणून दस्तऐवज सादर झाल्यावर, तो सक्षम न्यायालयाने दिला असल्याचे गृहीत धरले जाते. हे गृहीतक विरुद्ध पुराव्याने खोडून काढता येते.

कलम ४४अ मधील ‘व्यतिकारी प्रदेश’ ही संज्ञा घटस्फोटाच्या संदर्भात अनेकदा चुकीने वापरली जाते. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड यांसारख्या अधिसूचित प्रदेशांतील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे या कलमानुसार भारतातील जिल्हा न्यायालयामार्फत बजावता येतात. परंतु ही तरतूद पैशाच्या वसुलीच्या हुकूमनाम्यांपुरती आहे. वैवाहिक स्थिती बदलणाऱ्या हुकूमनाम्याची अशी बजावणी होत नाही. तो कलम १३ च्या कसोटीवरच तपासला जातो, मग तो ब्रिटनमधील असो वा अमेरिकेतील.

महत्त्वाचे निवाडे

सत्या वि. तेजा सिंग. १९७४ साली निकाली निघालेल्या या प्रकरणात पतीने अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवला होता. विवाह पंजाबात झाला होता आणि पत्नी भारतातच राहत होती. तिने पोटगी मागितल्यावर पतीने नेवाडाचा हुकूमनामा पुढे केला. पतीचा नेवाडा राज्यात खरा अधिवास नव्हता आणि न्यायालयाची अधिकारिता खोट्या कथनावर मिळवली होती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट अमान्य केला. हा निवाडा न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला.

वाय. नरसिंह राव वि. वाय. वेंकटलक्ष्मी. १९९१ चा हा निवाडा या विषयातील मूलभूत निवाडा मानला जातो. विवाह तिरुपती येथे हिंदू पद्धतीने झाला होता. पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवून दुसरा विवाह केला, तेव्हा पहिल्या पत्नीने द्विविवाहाची फिर्याद दाखल केली. सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. पी. बी. सावंत यांनी असे स्पष्ट केले की, परदेशी न्यायालयाची अधिकारिता आणि घटस्फोटाचे कारण ही दोन्ही, पक्षकारांचा विवाह ज्या वैवाहिक कायद्याखाली झाला त्या कायद्याशी सुसंगत असली पाहिजेत. या नियमाला तीन अपवाद सांगण्यात आले:

* प्रतिवादी जेथे अधिवासी आहे किंवा नेहमी व कायम राहतो त्या ठिकाणी दावा दाखल झाला असेल आणि मूळ वैवाहिक कायद्यात उपलब्ध असलेल्या कारणावर घटस्फोट दिला गेला असेल;
* प्रतिवादीने स्वेच्छेने व परिणामकारकपणे त्या न्यायालयाची अधिकारिता स्वीकारून, मूळ कायद्यात उपलब्ध असलेल्या कारणावरील दाव्याचा प्रतिवाद केला असेल;
* अधिकारिता मूळ कायद्यानुसार नसली तरी प्रतिवादीने घटस्फोट मिळण्यास संमती दिली असेल.

केवळ समन्स मिळाले, किंवा अधिकारितेला हरकत घेण्यासाठी पत्र पाठवले, म्हणजे अधिकारिता स्वीकारली असे होत नाही. परदेशात जाऊन प्रतिवाद करण्याइतके साधन पत्नीकडे आहे का, हाही नैसर्गिक न्यायाच्या कसोटीचा भाग असल्याचे या निवाड्यात मानले आहे.

दोष नसलेला घटस्फोट. वरील तत्त्वाचा व्यवहारातील सर्वांत मोठा परिणाम घटस्फोटाच्या कारणाबाबत दिसतो. विवाह पुन्हा सांधता न येण्याइतका तुटला आहे, हे अमेरिकेतील अनेक राज्ये, इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे घटस्फोटाचे पुरेसे कारण असते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये हे कारण नाही. सर्वोच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली या कारणावर विवाहविच्छेद करू शकते, असे २०२३ च्या शिल्पा शैलेश प्रकरणात घटनापीठाने ठरवले. मात्र हा अधिकार कौटुंबिक न्यायालयांना नाही. म्हणून हिंदू पद्धतीने विवाह झालेल्या जोडप्यापैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीविना आणि अनुपस्थितीत असा घटस्फोट मिळवल्यास भारतात त्याची मान्यता धोक्यात येते. दोघांनी मिळून अर्ज केला असेल किंवा दुसऱ्या पक्षाची लेखी संमती अभिलेखावर असेल, तर संमतीचा अपवाद लागू होतो.

परदेशातील अंतिम दस्तऐवज

प्रत्येक देशात विवाह कायद्याने केव्हा संपतो आणि त्याचा अंतिम पुरावा कोणता, हे वेगवेगळे आहे. अंतरिम आदेशालाच अंतिम आदेश समजणे ही अर्जदारांकडून वारंवार होणारी चूक आहे.

इंग्लंड आणि वेल्स. ६ एप्रिल २०२२ पूर्वी दाखल झालेल्या प्रकरणांत आधी ‘डिक्री नायसाय’ आणि किमान सहा आठवड्यांनंतर ‘डिक्री अ‍ॅब्सोल्यूट’ दिली जात असे. नव्या कायद्यानुसार यांची जागा अनुक्रमे ‘कंडिशनल ऑर्डर’ आणि ‘फायनल ऑर्डर’ यांनी घेतली. विवाह दुसऱ्या आदेशानेच संपतो. प्रकरण क्रमांक माहीत असल्यास संबंधित न्यायालयाकडून प्रत मिळते. तो माहीत नसल्यास लंडनच्या सेंट्रल फॅमिली कोर्टाकडे शोधशुल्क भरून शोध घेता येतो. तेथील सूची १८५८ पासूनची आहे.

स्कॉटलंड. येथील कायदा आणि न्यायालये वेगळी असून घटस्फोटाचा पुरावा म्हणून ‘एक्स्ट्रॅक्ट डिक्री’ दिली जाते.

अमेरिका. घटस्फोट हा राज्यांचा विषय असल्याने संघराज्याच्या पातळीवर घटस्फोटाची प्रत देणारे कार्यालय नाही. ज्या काउंटीच्या न्यायालयाने आदेश दिला तेथील लिपिक कार्यालयाकडून शिक्क्यासह प्रमाणित प्रत घ्यावी लागते. काही राज्यांचा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी विभाग घटस्फोटाचा संक्षिप्त दाखलाही देतो. त्यात पक्षकारांची नावे, दिनांक व ठिकाण असते, पण घटस्फोटाचे कारण वा अटी नसतात. पुनर्विवाहाच्या अटीही राज्यागणिक बदलतात. विस्कॉन्सिन राज्यात निकालानंतर सहा महिन्यांच्या आत पक्षकाराने जगात कोठेही विवाह करण्यास मनाई आहे.

कॅनडा. न्यायनिर्णयानंतर सर्वसाधारणपणे ३१ व्या दिवशी घटस्फोट अमलात येतो. त्यानंतर न्यायालय स्वतंत्र घटस्फोट प्रमाणपत्र देते. ओटावा येथील केंद्रीय नोंदवहीत प्रकरणांची नोंद असते. प्रमाणपत्र मात्र निकाल देणाऱ्या न्यायालयाकडूनच मिळते.

ऑस्ट्रेलिया. घटस्फोटाचा आदेश सामान्यतः सुनावणीनंतर एक महिना आणि एक दिवसाने अंतिम होतो. आदेशाची इलेक्ट्रॉनिक प्रत न्यायालयांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

प्रत मिळवण्याची पद्धत

न्यायालयाकडे प्रत मागताना दोन्ही पक्षकारांची त्या वेळची पूर्ण नावे, प्रकरण क्रमांक, निकालाचे वर्ष आणि न्यायालयाचे ठिकाण द्यावे लागते. अर्जदार दुसऱ्या देशात असल्यास टपालाने अर्ज, वकिलाची नेमणूक किंवा नातेवाइकाला दिलेले अधिकारपत्र हे मार्ग उपलब्ध असतात. भारतातील पुनर्विवाहासाठी केवळ अंतिम आदेश पुरेसा ठरेलच असे नाही. मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा, प्रतिवादीची हजेरी वा लेखी संमती आणि कारणांसह न्यायनिर्णय यांच्याही प्रमाणित प्रती असणे हिताचे असते, कारण कलम १३ ची कसोटी याच कागदांवर लागते.

समन्सच्या बाबतीत १९६५ चा हेग बजावणी करार महत्त्वाचा आहे. हा करार भारतात १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला. भारतात समन्स बजावण्यासाठी विधी व न्याय मंत्रालय हे केंद्रीय प्राधिकरण असून परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवण्यास भारताने हरकत नोंदवली आहे. त्यामुळे केवळ टपालाने पाठवलेल्या समन्सच्या आधारे मिळालेला एकतर्फी घटस्फोट नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर आव्हानाला पात्र ठरू शकतो.

प्रमाणीकरण आणि अपोस्टिल

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने सार्वजनिक दस्तऐवजांसाठी अपोस्टिल ही एकाच टप्प्याची प्रमाणीकरण पद्धत आणली. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून, तर कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. अपोस्टिल हे दस्तऐवज जेथे निर्माण झाला त्याच देशात मिळते. अमेरिकेतील राज्य न्यायालयाच्या प्रतीवर त्या राज्याचा सचिव, इंग्लंडमधील प्रतीवर परराष्ट्र कार्यालयाचा संबंधित विभाग, तर भारतीय हुकूमनाम्यावर परराष्ट्र व्यवहार मंत्रालय अपोस्टिल देते. करारात नसलेल्या देशांच्या बाबतीत तेथील परराष्ट्र मंत्रालय आणि त्यानंतर संबंधित दूतावास असे टप्प्याटप्प्याने प्रमाणीकरण करावे लागते.

अपोस्टिल सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचे पद यांचीच ग्वाही देते. मजकूर खरा आहे किंवा घटस्फोट मान्य आहे, असे ते सांगत नाही.

नरसिंह राव प्रकरणात दस्तऐवजाच्या स्वरूपाविषयीही महत्त्वाचे विवेचन आहे. मिसुरीच्या न्यायनिर्णयाची सादर केलेली प्रत छायांकित असल्यामुळे उच्च न्यायालयाने ती अग्राह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने हे कारण दुरुस्त केले: प्रत छायांकित आहे म्हणून नव्हे, तर भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ८६ नुसार त्या देशातील भारताच्या प्रतिनिधीचे प्रमाणपत्र तिच्यासोबत नव्हते म्हणून ती अग्राह्य ठरली. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे.

भारतात पुनर्विवाह

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ५ आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम ४ नुसार विवाहाच्या वेळी कोणत्याही पक्षकाराचा जोडीदार हयात नसावा, म्हणजेच आधीचा विवाह अस्तित्वात नसावा, ही अट आहे. तिचा भंग करून झालेला विवाह शून्य असतो. द्विविवाह हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ मध्ये होता.

विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह करताना विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीत प्रत्येक पक्षकाराची स्थिती अविवाहित, विधुर, विधवा वा घटस्फोटित अशी नमूद करायची असते. या मुदतीत आधीच्या जोडीदारासह कोणीही व्यक्ती कलम ४ च्या अटींचा भंग होत असल्याची हरकत घेऊ शकते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना परदेशी विवाह अधिनियम, १९६९ खाली भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. तेथेही हीच अट आहे.

परदेशी हुकूमनाम्याविषयी शंका असल्यास कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थितीच्या घोषणेसाठी दावा दाखल करता येतो. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम ७ मध्ये व्यक्तीच्या वैवाहिक स्थितीविषयीच्या घोषणेची अधिकारिता या न्यायालयांना दिली आहे. दुसरा पक्ष सहकार्यास तयार असल्यास भारतात परस्पर संमतीने नव्याने घटस्फोट घेण्याचा मार्गही अवलंबला जातो.

भारतीय न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटानंतर लगेच विवाह करता येतोच असे नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १५ नुसार अपिलाचा हक्क नसल्यास, अपिलाची मुदत संपल्यास किंवा अपील फेटाळले गेल्यासच पुनर्विवाह कायदेशीर ठरतो. कलम २८ मध्ये अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. कलम १५ चा भंग करून झालेला विवाह केवळ त्या कारणाने शून्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या लीला गुप्ता प्रकरणात म्हटले आहे.

व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे

जोडीदाराच्या किंवा वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसासाठी दोन्ही पक्षकारांचे आधीचे सर्व विवाह कायद्याने संपल्याचा पुरावा मागितला जातो. केवळ शेवटच्या विवाहाचा पुरावा पुरत नाही. अमेरिकेच्या वाग्दत्त जोडीदाराच्या ‘के-१’ व्हिसासाठी मूळ अर्ज दाखल करतानाच दोघेही विवाहास मोकळे असावे लागतात, आणि अमेरिकेत प्रवेश केल्यापासून ९० दिवसांत विवाह करावा लागतो. म्हणून घटस्फोट अंतिम होण्यापूर्वी असा अर्ज करता येत नाही. इंग्रजीत नसलेल्या दस्तऐवजासोबत संपूर्ण भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. महाराष्ट्रातील न्यायालयांचे मराठीतील आदेश या नियमात येतात.

ब्रिटनमध्ये परदेशी घटस्फोटाची मान्यता कौटुंबिक कायदा अधिनियम, १९८६ च्या दुसऱ्या भागानुसार ठरते. त्यात न्यायालयीन वा तत्सम कार्यवाहीतून मिळालेला घटस्फोट आणि अशा कार्यवाहीविना झालेला घटस्फोट यांत भेद केलेला असून दुसऱ्या प्रकाराच्या अटी अधिक कडक आहेत. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरील घटस्फोटाला सर्वसाधारणपणे राज्याच्या न्याय प्रशासनाची औपचारिक मान्यता घ्यावी लागते. घटस्फोट देणारा देश हाच दोन्ही जोडीदारांच्या नागरिकत्वाचा देश असेल आणि आदेश तेथील न्यायालयाचा असेल, तर ही गरज उरत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील विशेष प्रश्न

काडीमोड. महाराष्ट्रातील काही समाजांत काडीमोड किंवा फारकत या रूढीने विवाह संपवण्याची प्रथा आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीने मान्य असलेला घटस्फोटाचा हक्क अबाधित ठेवला आहे. मात्र ही रूढी सर्वसाधारण कायद्याला अपवाद असल्याने ती विशेषत्वाने सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव वि. निर्मला (२००२) या प्रकरणात म्हटले आहे. मुद्रांक कागदावरील फारकतनामा किंवा नोटरीसमोरील करार हा न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. अशा कागदाच्या आधारे व्हिसा मागणाऱ्यास अडचण येऊ शकते. न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा मिळवल्यास हा प्रश्न सुटू शकतो.

नावातील तफावत. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव व मधले नाव, आणि अनेक कुटुंबांत पहिले नावही, बदलण्याची महाराष्ट्रातील प्रथा दस्तऐवजांच्या पडताळणीत अडथळा ठरते. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, हुकूमनामा सासरच्या नावाचा आणि पारपत्र तिसऱ्याच नावाचे, अशी स्थिती उद्भवते. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे दाखवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी आणि प्रतिज्ञापत्र यांचा आधार घेतला जातो.

गोवा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांना आपल्या वैवाहिक स्थितीतील बदल पोर्तुगालच्या नागरी नोंदीत दाखवावा लागतो. भारतासह युरोपीय संघाबाहेरील देशाच्या न्यायालयाने घटस्फोट दिला असल्यास पोर्तुगालच्या अपील न्यायालयाकडून त्याची तपासणी व पुष्टी करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत पोर्तुगीज नोंदीत संबंधित व्यक्ती विवाहितच राहते.

कायदा सुधारणेचे प्रयत्न

सत्या प्रकरणानंतर विधी आयोगाने १९७६ साली परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेवर ६५ वा अहवाल सादर केला. नीरजा सराफ प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने परदेशस्थ पतीने सोडून दिलेल्या स्त्रियांच्या स्थितीची दखल घेऊन, भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाला रद्द करता येऊ नये यासाठी कायदा करण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. २००९ साली विधी आयोगाने अनिवासी भारतीयांच्या कौटुंबिक कायद्यांविषयी २१९ वा अहवाल दिला. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले. त्यात परदेशी घटस्फोटाच्या मान्यतेची तरतूद मुख्य विषय नव्हती. सर्वसमावेशक कायद्याच्या अभावी १९९१ च्या निवाड्यातील तत्त्वेच न्यायालयांत मार्गदर्शक मानली जातात.